काटक म्हणून केलेली सून

पूर्वग्रह म्हणजे एखाद्याबद्दल आधीच करून घेतलेलं वाईट मत, असं गुरुजींनी शाळेत शिकवलं होतं. वाईटच कशाला असायला पाहिजे? पण गुरुजी बिचारे कधी सासरी नांदले नव्हते.

माझ्याबद्दल सासूबाईंचं मत भलतंच चांगलं होतं. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, जिरायती. सासर दौंडकडं, नदीकाठी, चहूकडं ऊस. मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी ना शिक्षण विचारलं, ना स्वयंपाक. "दुष्काळी भागातली पोर हाय, काटक असणार," म्हणाल्या आन् लग्न ठरलं. मी बारावीपर्यंत शिरूरच्या वसतिगृहात राहिलेली. दोन कळशा उचलल्या तरी धाप लागायची. पण बघतंय कोण!

मग काय, उसाला खत टाकायला मी, शेण काढायला मी, चाऱ्याचा भारा माझ्याच डोक्यावर. मोठ्या जाऊबाई बागायतदाराची लेक, म्हणून नाजूक! चांगल्या धट्ट्याकट्ट्या होत्या, सावलीत बसून शेंगा फोडायच्या. मी जरा टेकले की सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "ऊठ की गं, तुला काय, तुमच्याकडच्या बायांना सवयच असती." आग लागो त्या कौतुकाला!

दुसऱ्या वर्षी त्यांनी धाकट्या दिरासाठी माझ्या बहिणीला मागणी घातली. "आणखी एक तसलीच आणू," म्हणाल्या. तसलीच! बैलजोडी जुळवायची होती बाईंना. मी तडक माहेर गाठलं आणि वडलांना म्हटलं, "आप्पा, तिला तिथं देऊ नका."

आप्पा हसले. "येडी का काय तू? बारमाही पाणी हाय त्यांच्याकडं. तिथं कसलं आलंय दुःख? सोताकडं बघ की. तोंड कसं भरलंय! पाणी मानवलंय तुला."

माझं डोकंच फिरलं. म्हंजी इकडंबी तीच तऱ्हा. पाणी दिसलं की यांना सुख दिसतं. मी साडी वर घेतली, नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला.

"ही सूज हाय, आप्पा. अंगात रगत न्हाई म्हणाले डॉक्टर."

बहीण चुलीपुढून उठून आली. खाली वाकून तिनंही दाबून बघितलं. "मला न्हाई जायचं तिथं," ती म्हणाली.

आप्पा माझ्या पायाशी खाली टेकले. मग म्हणाले, "मी तर गावभर सांगत सुटलो व्हतो, पोरगी सुखात हाय म्हणून."