दुपारचं ओलं सारवण

आधी दोन नावं लिहितो, मग घडलेलं. पहिलं नाव हौसामावशी. थेरगावात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. दुसरं नाव कोंडाबाई. मावशींच्या हातचं मी आजही खातो. कोंडाबाईंना मी कधी पाहिलेलंच नाही... पण उपकार दोघींचे सारखेच आहेत, म्हणून नावंही शेजारी शेजारी लिहिली.

मी चौथीत शाळा सोडलेला, देवगडकडचा माणूस. लिहिण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावं. आमच्याकडे दर वाडीला एकेक भूत असतं, पण लहानपणी मी मसणवटीतून गुरं हाकत आणायचो, मला कधी काही दिसलं नाही. तसा मी भित्राच — भोंगा चुकेल म्हणून भितो, मुकादम बोलेल म्हणून भितो, गावाकडून तार येईल म्हणून भितो. पण असल्या गोष्टींवर विश्वास कधीच नव्हता.

आणे जाऊन नवे पैसे चालू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात मला काम लागलं होतं. राहायला एका खोलीत आम्ही सहा जण. बायको सुशीला गावाहून आली ती एस.टी.च्या हादऱ्यांनी आजारी पडूनच, आणि पोटातलं पहिलं मूल गेलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा नर्सबाईंनी बजावलं, "वाकायचं नाही, प्रवास तर मुळीच नाही." म्हणजे बाळंतपणाला गावी पाठवता येईना, म्हणून आम्ही घर शोधायला लागलो.

थेरगावातलं धोंडिबांचं दोन खणांचं कौलारू घर विकाऊ होतं. ते एकटेच होते आणि पुतण्याकडे मावळात जाणार होते. पण परमुलखातल्या माणसाला घर द्यायला तयार नव्हते. तेव्हा ना ओळख ना पाळख, हौसामावशी मध्ये पडल्या. "बाई पोटुशी हाय धोंडिबा. दे घर. मानूस माज्या वळखीचा हाय."

नंतर मी म्हटलं, "मावशी, आपली ओळख कुठे होती?"

"आता झाली न्हवं?" त्या म्हणाल्या. "आन् तुज्या गावाला दर्या हाय म्हनं. येवढं पानी पितं तरी कोन रं?"

दसऱ्याला आपट्याची पानं वाटून आम्ही त्या घरात राहायला गेलो. सुशीलेला आठवा लागलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाळीवर निघालो तर अंगणात सडा आणि ओटी सारवलेली. ओली, ताज्या शेणाच्या वासाची. मला भरून आलं. मावशींचंच काम! पण तोंडावर आभार मानले तर त्यांना आवडायचं नाही, म्हणून गप्प बसलो. आठ दिवस हेच. आम्ही उठायच्या आत ओटी सारवलेली असायची.

नवव्या दिवशी मावशी मलाच कुंपणावरून ओरडल्या. "आरं ए कोकन्या, लाज हाय का? नववा लागंल आता तिला, आन् रोज सारवायला लावतूस?"

"मी? अहो मावशी, तुम्हीच तर सारवता!"

"माजी तीन म्हशींची शेनघान कमी पडती व्हय, म्हून तुजी वटी सारवू?"

मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करताहेत. सुशीला कशी सारवणार? आमच्याकडे पोफळीच्या विरीने, म्हणजे झावळीच्या सुकलेल्या देठाने सारवतात, हातानं सारवायची तिला सवयच नाही. शिवाय आमच्या दारी गाय ना म्हैस. शेण आणणार कुठून?

मावशी आत आल्या. ओटीवर वाकून बघितलं आणि मग तिथंच, ओल्या सारवणावर, मटकन बसल्या.

हातानं सारवलं की बोटांच्या रेघांचे अर्धगोल उठतात, तुम्ही पाहिले असतील. एवढे दिवस मी नीट बघितलंच नव्हतं. हे अर्धगोल उलटे होते, डाव्या हाताचे. आणि दर गोलात तीनच रेघा.

"ही कोंडा," मावशी म्हणाल्या. "धोंडिबाची बायकू. डावखुरी. वैरन तोडताना एक बोट गेलं व्हतं तिचं."

"कुठे असतात त्या?"

मावशींनी चुलीकडे बोट दाखवलं. "तितं गेली. बाळतपनात. दिस असाच, सुगीचा, समदी रानात. मी घरी बाजरी पाखडीत व्हते. सुपाच्या आवाजात तिची हाक मला आलीच न्हाई रं... चौदा वर्सं झाली."

दाराआड सुशीला उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

"माका हय ऱ्हवाचा नाय," ती म्हणाली. "माका घराक पोचवा."

आता करायचं काय? एस.टी.त बसवावं तर पहिल्यासारखं मूल जाणार. ठेवावं तर भीतीनं जाणार. दोन दिवस ती जेवली नाही. शेवटी मावशींनीच तिला समजावलं. "पोरी, वंगाळ करायचं असतं तर सारवलं असतं व्हय? मी दिसातून चारदा येऊन जाईन. तू ऱ्हा." मावशींसाठी ती राहिली. मी मात्र कारखान्यात बाटल्या धुता धुता सारखा घराकडे बघायचो, जसं काही तिथून दिसणार होतं.

दिवाळी होऊन गेली. एक दिवस सकाळच्या पाळीहून परत आलो तर गल्लीत बायका जमलेल्या. वाट काढत पुढे धावलो. मावशी दारात उभ्या, हात कोपरापर्यंत भिजलेले.

"मुलगी हाय," त्या म्हणाल्या. "दोगी बऱ्या हायेत. बस खाली आधी, पडशील."

झालं होतं ते असं. मी कामावर असताना सुशीला पाणी घ्यायला उठली, भोवळ येऊन चुलीपाशी पडली आणि कळा सुरू झाल्या. तोंडातून हाक फुटेना. मावशी तेव्हा आपल्या दारात बाजरी पाखडत होत्या. पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"पायाला गार लागलं. बगते तर माज्या उंबऱ्याला वलं सारवान. मगाशी कोरडं ठाक व्हतं. सूप टाकलं आन् त्या सारवनावरनं चालत आले, ते तुज्या चुलीपतूर."

मी बाहेर जाऊन पाहिलं. आमच्या चुलीपासून उंबऱ्यावरून, अंगणातून, थेट मावशींच्या दारापर्यंत हातभर रुंदीचा पट्टा. कार्तिकातल्या उन्हात अर्धा वाळलेला, अर्धा ओला. उलटे अर्धगोल. तीन-तीन रेघा. मी माझी बोटं त्या रेघांवर ठेवून बघितली — बसली नाहीत, माझा हात मोठा पडला.

त्यानंतर आमची ओटी आपोआप कधी सारवली गेली नाही. कारखान्यातल्या शिकलेल्या लोकांना सांगितलं तर म्हणाले, मावशीच करत असतील आणि विसरत असतील. असेलही. पण मावशींच्या हाताला पाच बोटं आहेत, आणि त्या उजव्या हातानं सारवतात. मी मुद्दाम बघितलं. याहून जास्त मला काही उमगलेलं नाही.

दर दसऱ्याला संध्याकाळी सुशीला शेणकाला कालवून घमेलं ओटीवर ठेवते. सकाळी ते जसंच्या तसं असतं. मग ती हातानंच सारवते, आता तिला जमतं. कोंडाबाईंचं याहून काय फेडावं, आम्हाला कळत नाही.

मावशींचं मात्र ठरलंय. मुलगी जरा मोठी झाली, रजा मिळाली की त्यांना एस.टी.त खिडकीशी बसवून गावी नेणार आहे. समुद्रासमोर उभं करणार, आणि एवढं पाणी कोण पितं ते त्यांचं त्यांनाच बघू देणार.