चन्नप्पा आणि कापलेला शर्ट

धर्मापुरीत चन्नप्पाशी वाकडं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो परगावचा समजावा. न्हाव्याशी त्याचं कल्ल्यांवरून भांडण, एसटीच्या कंडक्टरशी खिडकीवरून, मठातल्या स्वामींशी पंगतीत आधी कोणाला वाढलं यावरून. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून तो सकाळी दुकान उघडायचा आणि पहिली शिवी दाराच्या कडीला घालायचा, कारण ती अडकायची. कडी बदलून घ्यावी असं त्याला कधी वाटलं नाही. मग शिवी कोणाला घालणार?

दुकान किराणा-भुसाराचं. पुढं काउंटर, मागं गादी. गिऱ्हाइकाशी बोलायला पुढं लेकरू उभं करायचं आणि आपण मागं बसायचं, ही त्याची रीत. लेकराचं तोंड पाहून माणूस घासाघीस कमी करतो, असा त्याचा अनुभव. पण लेकरानं आपल्या मनानं एक शब्द बोललेला त्याला खपायचा नाही. म्हणून तो मागून कपडा ओढायचा. एकदा ओढला की थांब. दोनदा ओढला की गिऱ्हाईक पळणारं आहे, गोड बोल. आणि मुठीत धरूनच ठेवला की तू गप्प, आता मी बोलणार. काउंटरच्या आड हे चालायचं, त्यामुळं समोरच्याला पत्ताही लागायचा नाही. थोरली लेक प्रणिता, तिचं नाक काउंटरच्या वर यायला लागलं तेव्हापासून तिथं उभी राहिली. तिच्या फ्रॉकच्या मागच्या शिवणी उसवायच्या आणि दानम्मा, चन्नप्पाची बायको, त्या मशीनवर पुन्हा घालायची. तोंडातून चकार शब्द काढायची नाही. या घरात बोलायचं काम एकट्या चन्नप्पाकडं होतं.

पोरगी हुशार निघाली आणि तिथंच चन्नप्पाचं बिनसलं. ती इंजिनिअरिंगला निघाली तेव्हा हा म्हणाला, "अंबाजोगाईच्या पुढं पाऊल टाकायचं न्हाई." ती संभाजीनगरला गेली. नोकरीला पुण्याला निघाली तेव्हा यानं तीन दिवस जेवणाच्या ताटाला पाठ केली. ती पुण्याला गेली. मग कंपनीनं तिला कामाच्या व्हिसावर अमेरिकेत, टेक्सासला पाठवलं. तेव्हा हा काहीच बोलला नाही. तिला सोडायला परळीच्या स्टेशनवर सगळं घर गेलं, आणि हा दुकानात हरभऱ्याची पोती मोजत हमालाला फाडून खात बसला. काउंटरवर आता धाकटा रुद्रेश उभा राहिला. तो गरीब गाय. त्याचा सदरा ओढायला हात पुढं झाला की तो आधीच थांबायचा. चन्नप्पाला त्याचंही समाधान नव्हतं. ओढायच्या आधीच थांबणारं पोरगं काय कामाचं, म्हणून त्याच्यावर वेगळा राग.

असं सगळं चालू असताना एका सकाळी तो फोटो आला.

समोरच्या मोबाइल दुकानाच्या पप्पूनं तो दाखवला. दाखवताना चेहरा असा केला होता, जणू कोणी गेल्याची बातमी आणली. फोटोत एक छोटं पांढरं विमान. त्याच्यापुढं प्रणिता पाठमोरी उभी, मान वळवून हसणारी. तिचा शर्ट मागून कापलेला, अर्धी पाठ उघडी दिसेल इतका. आत काळा बनियन होता, पण तो पाहायला वेळ कोणाला? शेजारी एक पिकल्या केसांचा गोरा, एका हातात कात्री, दुसऱ्या हातात शर्टाचा तुकडा. बाजूला चार माणसं टाळ्या पिटत होती. प्रणितानं तो फोटो हौसेनं नेटवर टाकला होता, आणि चहा उकळायच्या आत तो गावच्या ग्रुपवर पोचला होता.

"विमान चालवायला शिकती म्हनं," पप्पू म्हणाला. "पर हे कापड फाडायचं काय हाय, ते काय कळालं न्हाई, शेट."

दुपारपर्यंत गावाला सगळं कळलेलं होतं. हॉटेलात नेहमी बसणाऱ्या बजरंगनं चन्नप्पाला पाहून मोठ्यानं विचारलं, "काय शेट, अमेरिकेत कापडाचा तुटवडा पडला का? हितून एक तागा पाठवा की." सगळं हॉटेल खिदळलं. ज्यांना ज्यांना आजवर तो घालून पाडून बोलला होता, त्या सगळ्यांची आज दिवाळी होती. चन्नप्पानं बशीतला चहा बजरंगच्या धोतरावर ओतला आणि घरी आला.

त्यानं लेकीला फोन लावला आणि ती हॅलो म्हणायच्या आत सुरू झाला. तिनं "अप्पा, ऐका तरी," एवढं दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला त्यानं फोन चालू ठेवला नाही.

ऐकायचं कशाला? त्याला जे कळायचं ते कळलं होतं. पोरीला परदेशात एकटी सोडली, ती हाताबाहेर गेली. कामासाठी गेलेली बाई काम सोडून विमानं उडवते आणि परके पुरुष तिचे कपडे कापतात. तिला परत आणायचं. पण ओढायचं कशाला धरून? इथून टेक्सासपर्यंत हात पोचत नाही, ही गोष्ट त्याला आयुष्यात पहिल्यांदा इतकी झोंबली. आणि मग गादीवर बसल्या बसल्या त्याला ते सुचलं. व्हिसा! ती तिथं उभी आहे ती त्या कागदावर. कागद ओढला की पोरगी आपोआप मागं येईल.

तो पप्पूच्या दुकानात गेला आणि शटर अर्धं खाली घ्यायला लावलं.

"लिव्ह," तो म्हणाला. "माझ्या पोरीला तुमी कामाच्या व्हिसावर नेलं. ती काम सोडून विमानाचा धंदा करती. हे तुमच्या कायद्यात बसत न्हाई. तिला ताबडतोब मायदेशी धाडावं."

पप्पूचे हात थांबले. तसा तो चहाटळ, पण त्यालाही हे जड गेलं. "शेट, सवताच्या लेकीची तक्रार? तिची नोकरी जाईल की."

"जाऊ दे. म्हनूनच लिव्हतोय."

पप्पूनं फोनकडून इंग्रजी करून घेतलं, तिच्या कंपनीचा पत्ता काढला. मग म्हणाला, "खाली नाव नका टाकू. निनावी जाऊ द्या."

"निनावी चिठ्ठ्या धाडायला मी काय चोर हाय का बे? बाप हाय मी. नाव टाक. गावाचं नाव टाक. आनि थांब, शिक्का आनतो."

आणि त्यानं खरोखर दुकानाचा शिक्का आणला. कागद छापून त्यावर सही केली, शिक्का हाणला, त्याचा फोटो काढायला लावला आणि तो अमेरिकेला धाडला. चन्नप्पात वाईट पुष्कळ होतं, पण लपून वार करणं त्याच्या रक्तात नव्हतं. आपल्या लेकीचा घात त्यानं नावगावासकट केला.

घरी येऊन त्यानं दानम्माला सांगितलं, "प्रणिताच्या खोलीतली तुरीची पोती काढ. ती येनार हाय. कायमची."

दानम्मा पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. "खरंच? कावून, सुट्टी मिळाली का तिला?"

"येनार हाय म्हनलं ना!"

तिनं पुढं विचारलं नाही. पण त्या घरानं पुष्कळ वर्षांत पाहिली नव्हती अशी दानम्मा मग आठवडाभर दिसली. तिनं रुद्रेशच्या मदतीनं पोती हलवली, खोली सारवल्यासारखी पुसून काढली, गोधड्या उन्हात टाकल्या. शेंगदाण्याची चटणी कुटताना ती काहीतरी गुणगुणत होती. चन्नप्पानं ते ऐकलं आणि त्याला वाटलं, पाहा, मी केलं ते बरोबरच केलं. खोटं बोलल्याचं त्याच्या मनालाही शिवलं नाही, कारण त्याच्या मते ते खोटं नव्हतंच, फक्त अजून घडायचं होतं.

मग प्रणिताचा फोन आला. आईच्या फोनवर आला, दुपारच्या सामसुमीत, दुकानात गिऱ्हाईक नसताना. दानम्मा तो हातात धरून हसत बाहेर आली. "कदी येतीस गं?" तिनं विचारलं.

"येत न्हाई माय. फोनचा आवाज मोठा कर. अप्पा हायत का तिथं? रुद्र्यालाबी बोलव. सगळ्यांसमोरच बोलायचंय."

आवाज थंड होता. चन्नप्पानं गादीवर बूड सावरलं.

"अप्पा, सायबानं मला बोलवून तुमचा कागद पुढ्यात ठेवला. खाली आपल्या दुकानाचा शिक्का. लहानपनी मीच तो सामानाच्या पिशव्यांवर मारायची. आमच्या हापिसात सगळ्यांनी बघितला. काय तोंड दाखवू मी त्यांला?"

"तू तोंड दाखवायच्या आधी पाठ दाखवलीस," चन्नप्पा गुरकावला.

"गप ऐका. विमान ही माझी नोकरी न्हाई, हौस हाय. सुट्टीच्या दिवशी शिकते. शिकायला बाहेरच्या मानसाला सरकारची परवानगी लागती, ती मी आधी काढली. बोटांचे ठसे दिले, चौकशी झाली. विमान चालवून कुनाकडून पैसा घेतला तर गुन्हा. मी दमडी घेतली न्हाई. म्हनून वाचले. न्हाईतर नोकरी गेली असती, आनि दोन म्हैन्यात सामान उचलून देश सोडावा लागला असता. तुमाला तेच पाहिजे होतं ना?"

दानम्मानं नवऱ्याकडं पाहिलं.

"आनि तो शर्ट," प्रणिता म्हणाली. "तेबी ऐकूनच घ्या. पयल्यांदा एकटीनं विमान वर नेलं न खाली आनलं त्या दिवशीचा फोटो हाय तो. पूर्वी शिकनारा पुढं बसायचा न मास्तर मागं. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू यायचं न्हाई. म्हनून मास्तर मागून शर्ट वढायचा. चुकला की वढ, थांबवायचा की वढ."

रुद्रेशचा हात नकळत आपल्या पाठीमागं गेला.

"तुमाला कळंल ते. दुसऱ्या कुनाला कळायचं न्हाई, पर तुमाला कळंल. ज्या दिवशी शिकनारा एकटा उडून येतो, त्या दिवशी मास्तर सवता कात्री घेतो न तो शर्ट कापतो. आता वढायची गरज न्हाई म्हनून. सगळ्यांसमोर कापतो, टाळ्या वाजवत्यात. अप्पा, ज्यानं वढलं त्यानंच कापायचं असतंय. तुमी न्हाई कापलं. मी साता समुद्रापार आले, तरी तुमी मुठीत धरूनच बसलात."

"फोन ठेव," चन्नप्पा म्हणाला.

"ठेवते. हितून पुढं मायशी बोलत जाईन. तुमच्याशी न्हाई."

फोन बंद झाला. दानम्मानं विचारलं, "माज्या लेकराला हाकलून द्या म्हनून तुमी लिव्हलं?"

"परत आनायला लिव्हलं."

"आनि मी आठ दिस गोधड्या वाळवत बसले."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. रडली असती तर चन्नप्पाला बरं वाटलं असतं, दोन शब्दांत गप्प करता आलं असतं. ती आत गेली. संध्याकाळी मशीनचा आवाज येत राहिला. चन्नप्पानं भाकरी खाताना "काय शिवती गं?" म्हणून विचारलं. तिनं ताटात आमटी वाढली आणि पुन्हा मशीनवर बसली.

सकाळी दुकान उघडलं. कडी अडकली, शिवी घातली, सगळं रोजच्यासारखं. पहिलं गिऱ्हाईक धोंडीराम, शेजारच्या वाडीचा. यंदाची तूर घेऊन भाव विचारायला आला होता. रुद्रेशनं दाणे तळहातावर घेऊन पाहिले.

"माल चांगला हाय, काका," तो म्हणाला. "बाजारभावानं घेतो. त्यात कमी करत न्हाई."

चन्नप्पा गादीवरून पुढं सरला. असलं बोलायला याला कोणी शिकवलं? त्याचा हात सवयीनं काउंटरच्या आड गेला, सदऱ्याचं टोक पकडायला. हाताला काही लागलं नाही. त्यानं आणखी चाचपून पाहिलं. मग त्यानं मान खाली घालून नीट बघितलं. रुद्रेशचा सदरा मागून कमरेच्या वर सरळ कापलेला होता, आत बनियन दिसत होता. कापलेल्या कडेला बारीक, पक्की टीप मारलेली होती.

"भाव बोलला ना पोरगा," धोंडीराम म्हणाला, "मग उतरवू का पोती?"

"उतरवा," रुद्रेश म्हणाला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

चन्नप्पानं आतल्या दाराकडं नजर टाकली. पलीकडं अंगणात दोरीवर रुद्रेशचे धुतलेले सदरे वाळत होते. निळा, चौकटीचा, लग्नकार्यासाठी शिवलेला पांढरा. सगळे मागून आखूड. दानम्मा त्यांच्यापाशी उभी राहून ओल्या कपड्यांचे पीळ काढत होती, आणि तीही त्याच्याकडं पाहत नव्हती.

त्यानं हात मागं घेऊन मांडीवर ठेवला. पोती उतरली, धोंडीराम गेला, तरी चन्नप्पाला शिवी सुचली नाही.