हौशी पंचशीला

भीमजयंतीच्या दिवशी स्पीकरवर जिचा आवाज ऐकून तुमच्या अंगावर काटा येतो, ती बाई बाकीचं वर्ष कुठं असते, हे तुम्ही कधी विचारलंय का? न्हाई ना? मग बसा आणि ऐका.

पंचशीला शिरूर कासार तालुक्यातली. गावाचं नाव सांगत नाही, तिला ते आवडायचं नाही. नवरा विलास ढोलकी वाजवतो, ती गाते. सोबत एक पेटीवाला आणि कोरसला दोन बाया, झाली गायन पार्टी. एप्रिल-मेमध्ये कडा, आष्टी, पार नगरपर्यंतची बोलावणी. दिवाळी जवळ आली की हीच दोघं ट्रॅक्टरवर बसून ऊस तोडायला जातात. तोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस टोळी नेणाऱ्या मुकादमाला चालत नाही. म्हणजे ती घरी राहिली की विलासही घरी.

मागच्या हंगामात उसाच्या फडातल्या थंडीनं आणि पाचटाच्या धुळीनं तिचा घसा धरला तो सुटलाच नाही. वरचा सूर लावला की आवाज फाटायचा. बीडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी एक हंगाम काढलात तर गाणं विसरा. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा विलास ढोलकीची दोरी ओढत होता. ओढतच राहिला.

अशात पुण्याच्या एका संशोधन संस्थेची माणसं गावात आली. गाणं, वाजवणं, चित्रं, नाटक, सजावट यांतून जिल्ह्यात किती उलाढाल होते, किती हातांना काम मिळतं, हे त्यांना मोजायचं होतं. मोजणीत जे कलाकार येतील त्यांना हिवाळ्यात सरकारी कार्यक्रम द्यावेत, अशी शिफारस ही संस्था करणार होती. हिवाळ्यात! ऐन तोडीच्या महिन्यांत! पंचशीलानं तेवढंच कानात धरलं. कार्यक्रम मिळाले तर फड टळणार होता, आणि फड टळला तर गळा वाचणार होता.

विहारासमोर सतरंजी टाकली. माहिती घ्यायला आलेली पोरगी प्रियदर्शनी, आपल्याच समाजाची, परभणीकडची. जय भीम झाला, चहा झाला. सगळी वस्ती गोळा झाली. मागं मोटारसायकलला टेकून अंगद उभा होता. अंगद म्हणजे बागायतदाराचा पोरगा, डीजेचा मालक.

"ताई, एका कार्यक्रमाचं काय घेता?" प्रियदर्शनीनं विचारलं.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या. आपल्या पार्ट्या आकडा ठरवत नाहीत. गाणं रंगलं की लोक उठून बक्षीस देतात, देणाऱ्याचं नाव माईकवर पुकारतात, आणि त्याच बक्षिसावर चूल पेटते. पण त्याला कमाई म्हणायची चाल नाही. बाबासाहेबांचं गाणं विकायचं नसतं, ते मिशन असतं. त्यात बाईनं पैसे घेऊन गायलं, तर गावाची जीभ कुठं वळते हे मी सांगायची गरज नाही. ती वळलीच.

"सांग की बे विलास," अंगद मागून म्हणाला, "वहिनीचा रेट काय हाय?"

त्याची पोरं फिदीफिदी हसली. विलासनं मान खाली घातली. पंचशीलाचं डोकं फिरलं.

"रेट तुझ्या भोंग्यांचा असतो रे! आमी बाबांच्या गाण्याचा पैसा घेत न्हाई!"

वस्तीनं टाळ्यांचा कडकडाट केला. म्हाताऱ्या बायांनी तिची दृष्ट काढत कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

प्रियदर्शनी मात्र अस्वस्थ झाली. हळूच म्हणाली, "ताई, बक्षीस मिळतं ना? तेवढं सांगितलं तरी चालतंय."

"ते बक्षीस हाय, बाई. लोकांची माया. कमाई न्हाई."

"मग मुख्य काम काय लिहू?"

एवढ्या माणसांत, टाळ्या अजून कानात असताना, पंचशीला ताठ मानेनं म्हणाली, "ऊसतोड."

तिथल्या एकानंही पुढं होऊन 'ताई, खरं सांग' म्हटलं नाही. अंगदनं मात्र आपल्या सगळ्या सुपाऱ्या सांगितल्या. वर न वाजवलेल्याही जोडल्या असतील, त्याचा काय भरवसा!

दसऱ्याआधी बीडला संस्थेची सभा झाली. पंचशीला ठेवणीतली पांढरी साडी नेसून गेली. पडद्यावर जिल्ह्याचा तक्ता उमटला. शिरूरच्या पुढं डीजेवाले होते, मंडपवाले होते, फ्लेक्सवाले होते. गायन पार्टी तळाला, 'हौशी' म्हणून. हौशींना शिफारस लागू नव्हती.

दारात तिनं प्रियदर्शनीला गाठलं. "मी गाते म्हनून तू माझ्या दारी आलतीस. मग कलाकारांत मी कावून न्हाई?"

"ताई, मी दोनदा विचारलं होतं. कलेतून ज्याचं उत्पन्न नाही, त्याला मोजणीत कलाकार धरत नाहीत. नियम माझा नाही ओ."

"मग आता लिही. घेते म्हन."

"अहवाल गेला, ताई."

पोरीचे डोळे भरून आले. भरून काय करायचं? बाईची हयात गाण्यात गेली, आणि शहाण्यांच्या हिशेबात ती हौस ठरली!

परतीच्या एसटीत विलास खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्या दिशी टाळ्या मात्र लई वाजल्या, न्हाई?"



पुढच्याच महिन्यात मुकादमाचा ट्रॅक्टर वेशीत लागला. भांडी चढली, कोयते चढले, माणसं चढली. गाडी हलली तशा बाया म्हणाल्या, "पंचे, धर की एखादं." तिनं पदर नाकातोंडावरून घट्ट बांधून घेतला आणि मानेनंच नाही म्हटलं.

आज ती फडात आहे. कारखान्याचं गाळप संपलं की येईल. आवाज किती शिल्लक असेल, कुणाला ठाऊक. तुमच्या गावात जयंती होत असेल तर यंदा डीजे सांगू नका, तिला बोलवा. आणि मानधन आधी ठरवा, चारचौघांत, तिच्या तोंडावर. ती नको म्हणेल. तेवढं तिचं ऐकू नका.