नानाजीची ओली जाळी

नानाजीले मी त्या दिवशी दारातच अडवलं. म्हटलं, मीठ घेऊन येऊन राहिले असाल तर इथूनच वापस जा. चार दिवस तुमचं मीठ टाकलं अन् माझा मासा अर्धा मेला.

राग येणार नाही तर काय होणार? भैयाजी म्हणजे माझा ऑस्कर मासा, दीड वीत लांब, नऊ वर्षांचा. माझा पोरगा अमोल नोकरीसाठी पुण्याले गेला त्या वर्षी आणलेला. आमचे हे वारल्यापासून नागपुरात जरीपटक्याच्या या घरात मी अन् तो, दोघंच. मी बोलली की तो काचेपाशी येऊन उभा राहते. लोक हसतात, हसू द्या. तो गेला तर माझं ऐकणारं घरात कोणी उरत नाही, अन् मले त्याचंच भेव वाटून राहिलं होतं. सहा दिवसांपासून त्यानं तोंडात काही घेतलं नव्हतं. दगडाले अंग घासे, एक कल्ला गच्च मिटलेला अन् दुसऱ्यानं धापा टाके.

नानाजी वाईट माणूस नाही, हेही सांगून ठेवते. कळमेश्वरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मशीनवर उभे राहिले. कारखाना बंद पडला तेव्हा माशांच्या टाक्या साफ करण्याचं काम धरलं. अकरा घरं, एक सायकल, एक बादली, एक नळी, एक जाळी. रोग कोणताही असो, त्यायचं औषध ठरलेलं, खडे मीठ अन् हीटर. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर ते लागू पडते, बारा वर्षं पडलंही. त्यामुळे माशाले दुसरा काही रोग होते हे त्यायच्या डोक्यातच नव्हतं.

"ठिपके कुठं आहेत, नानाजी?" मी विचारलं.

"येतील ना बाई, दोन दिवसात. तवरी पाणी गरम करून घेऊ."

असं म्हणून हीटरची पिन लावाले गेले. मी ती उपटून फेकली. मे महिना, बाहेर पंचेचाळीस, कूलर सुरू असून टाकीतलं पाणी तेहतीस. "रस्सा करता काय त्याचा?" मी म्हटलं. पाणी जितकं गरम, तितकी त्यात हवा कमी, हे मी तीस वर्षं शाळेत शिकवलं.

नानाजी चिडले नाहीत. टाकीपुढे उकिडवे बसले. "मंग काय टाकू, तुम्हीच सांगा," ते हळूच म्हणाले. "नुसतं पाहत बसलो तर हा उद्याचा दिवस पाहत नाही."

ते खरं होतं. मी मयुराले फोन लावला. मयुरा माझी भाची, माशांचंच शिक्षण घेऊन राहिली. भर दुपारी तोंडाले ओढणी बांधून स्कूटीवर आली, पिशवीत कॉलेजचा सूक्ष्मदर्शक. कल्ल्याजवळचा चिकट थर काचपट्टीवर घेतला अन् पाहत बसली. मी अन् नानाजी दोघंही उभेच.

"मावशी, ठिपक्यांचा रोग नाहीच हा," ती म्हणाली. "कल्ल्यात बारीक किडे आहेत, आकड्यानं चिकटलेले. हे या मिठानं मरत नाहीत."

नानाजीनं लगेच तोड काढली. "कुत्र्याले देतात ती जंताची गोळी टाकू? इतवारीच्या बाजारात मिळते."

"त्यात दुसरी औषधंही मिसळलेली असतात, काका. निव्वळ प्राझिक्वांटेल पाहिजे, फोनवर लक्षणं ऐकून ते मी सोबतच आणलं. टाकीत पाणी किती?"

मी लांबी-रुंदीचा गुणाकार कराले घेतला. नानाजी म्हणाले, "सोळा बादल्या अन् वर अर्धी. दगड-रेती सोडून." दर पंधरवड्याले तेच भरत होते ना. मयुरानं त्याच मापानं पुडी तोलली, गाळणीतला औषध शोषून घेणारा कोळसा काढला, हवेचा दुसरा पंप लावला. म्हणाली, किड्यांची अंडी या औषधानं मरत नाहीत, म्हणून काही दिवसांनी पुन्हा द्यावं लागेल.

मंग तिनं विचारलं, "हे किडे बाहेरूनच येतात. नवीन मासा कोणता आणला होता?"

"दोन वर्षांत एकही नाही," मी म्हटलं.

तिची नजर नानाजीच्या बादलीवर गेली. पाण्यात जाळी बुडवलेली.

"ही अशीच ओली ठेवता?"

"हो. सुकली की कडक होते, माशाचे खवले सोलते," नानाजी जरा अभिमानानंच म्हणाले. मंग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं अन् जाळी बादलीतून बाहेर काढली.

नागपूरच्या उन्हात एक दुपार ती जाळी वाळत घातली असती, तर त्यातला एक किडा जिता राहिला नसता.

"याच्या आधी कुठं वापरली, काका?"

"रीनाताईकडे." नानाजी म्हणाले. "त्यायच्या पोरीचे, नूपुरचे, चार छोटे ऑस्कर गेले. मी पोरीले म्हटलं, तू टाकी खिडकीत ठेवली, ऊन लागलं."

माझ्या तोंडावर शिव्या आल्या होत्या. पण तो माणूस भिंतीले टेकून असा उभा होता की मी गिळून घेतल्या.

पुढचे नऊ दिवस ते सकाळ-संध्याकाळ आले, पैसे न घेता. पाण्याले हात लावत नव्हते, नुसते पाहत. दुसऱ्यांदा औषध टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भैयाजीनं एक झिंगा गिळला, मंग दुसरा. मी तर रडलीच.

"सुटलो, नानाजी," मी म्हटलं.

"तुमचा सुटला, बाई," ते म्हणाले. "माहं एक काम राहिलं. संगं येता काय?"

रीनाकडे गेलो. आठ वर्षांची नूपुर रिकाम्या टाकीजवळ अभ्यास करून राहिली होती. नानाजी तिच्यापुढे खाली बसले अन् जाळीपासून सगळं सांगितलं, काहीच लपवलं नाही.

पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मंग विचारलं, "म्हणजे मी नाही मारले?"

"नाही, बेटा," नानाजी म्हणाले. "मी मारले."