आईने गोळ्या कणगीत का ठेवल्या?

मंडळी, आज सकाळी पाहुणे येणार म्हणून मी माझ्या साखरेच्या गोळ्या चटकन कपाटात सारल्या. सून हसून म्हणाली, "आई, मधुमेह म्हणजे काय चोरी आहे?" तेव्हापासून माझी आई डोक्यातून जात नाहीये.

साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही नागावला राहायचो, माझं लग्न रेवदंड्याला ठरलं होतं. आईला क्षय झाला होता आणि अलिबागच्या डॉक्टरांनी रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या. मला वाटायचं, ती घेते. एकदा भात काढायला कणगीत हात घातला, तर पुड्या लागल्या. एकही उघडलेली नव्हती.

"आई, हे काय?"

"हळू बोल गो बाय! कुनाला कललं तर तुजं लगीन मोडंल. तू सासरी गेलीस की घेन मी."

मी म्हटलं, "तू गोळी घेतल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही."

रडत रडत ती माझ्यासमोर गोळ्या घेऊ लागली. शेजारणीने पाहिलं, बातमी रेवदंड्याला मुलाच्या घरी पोचली आणि माझं लग्न खरंच मोडलं.

आई बरी झाली. पुढे माझंही दुसरीकडे चांगलं लग्न झालं, आईने माझी मुलं खेळवली. तरी अखेरपर्यंत म्हणायची, "तवा माजं आयकायला पायजे होतंस."

मांडीवर नातू घेऊन असं म्हणायची! स्वतःच्या जिवापेक्षा तिला ते मोडलेलं लग्न मोठं कसं वाटलं, मला आजही उमगत नाही. तुम्हाला उमगतंय का?