कानापर्यंतचा हात

कुरुंद्याच्या शाळेत पहिलीचा वर्ग माझ्याकडे असे. नव्वदच्या दशकात जन्मतारखेचा कागद फार थोड्यांकडे असायचा. मग लेकराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचं. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, नाही लागला तर पुढच्या वर्षी या. या कामात मी फार कडक होतो आणि मला त्याची घमेंडही होती.

माझी धाकटी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली, सव्वा किलोची. सासूबाईंनी तिला पिंजलेल्या कापसात गुंडाळून महिनाभर छातीशी धरलं. वसमतचे डॉक्टर म्हणाले, पोरगी जगेल, पण हिला सगळं जरा उशिरा येईल, घाई करू नका. पोरगी जगेल, हे मी गावभर सांगितलं आणि पुढचं विसरलो.

ती सहा वर्षांची झाली तेव्हा तिचा हात कसाबसा टाळूपलीकडे जायचा. पण माझ्याकडे तारखेचा पक्का कागद होता आणि मास्तरची पोर घरी बसली तर लोक हसतील ही धास्ती. मी नाव घातलं. जिचं लेकरू मी नुकतंच परत पाठवलं होतं ती बाई म्हणाली, "गुरुजी, तुमच्या लेकीला कान न्हाई व्हय?" मी पुढच्या लेकराला कान धरायला सांगितलं.

वर्षभर पोरीचे हाल झाले. तिचं अर्धं उतरवून होईतो मी फळा पुसलेला असायचा. वर ओरडायचो. शाळेचं नाव काढलं की तिचं पोट दुखू लागलं, तेव्हा बायकोने मला फैलावर घेतलं. डॉक्टरांचं सगळं बोलणं तिच्या लक्षात होतं. मी नाक मुठीत धरून मुलीला पुन्हा पहिलीत बसवलं आणि फळा पुसायचं काम तिच्याकडेच दिलं. तिचं लिहून झाल्याशिवाय फळा पुसला जाईना. पोरगी खुशीत राहू लागली. आणखी चार लेकरंही पूर्ण लिहू लागली, जी मला तोवर नुसती आळशी वाटायची.

तिसरीत असताना मधल्या सुट्टीत ती धावत आली. हात डोक्यावरून, बोटांत कानाची पाळी.

"बाबा, लागला. आता घ्या मला शाळेत."

म्हणजे इतकी वर्षं पोर स्वतःला चोरून आत शिरलेली समजत होती. मला फार वाईट वाटलं. मी तिला माझ्या रिकाम्या वर्गात नेलं, हजेरीपट उघडला आणि तिचं नाव मोठ्याने पुकारलं. ती ताठ उभी राहून "हजर" म्हणाली. पुढच्या जूनपासून मी कुणाला कान धरायला लावला नाही.