किसनचा किशन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज ज्यांच्याबरोबर डबा खातो त्या सहकाऱ्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट माहीत नाही. माणूस इतक्या सहज असं करू शकतो याचा मला धक्का बसलाय, आणि तो माणूस मीच आहे.

परभणी जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात मी क्लार्क आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज माझ्या टेबलावर असतात. पहिल्या वर्षाची मुलं, बहुतेक आपापल्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच, कागदांची पिशवी छातीशी धरून समोर उभी राहतात. सरकारने फी भरली तर कॉलेज, नाहीतर परत गाव. त्यांच्यासाठी सगळं इतकं सरळ असतं.

सुजाता (नाव बदललंय) चारठाण्याकडची. तिचे वडील किसन आणि आई दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे. अर्जात एक मोबाइल नंबर द्यावा लागतो, मंजुरीचे, दुरुस्तीचे सगळे निरोप त्यावरच येतात. वडिलांचा फोन उसाच्या फडात. कधी चार्जिंग नाही, कधी रेंज नाही. अशा मुलांच्या अर्जात मी माझाच नंबर टाकायचो. त्यासाठी सगळे मला चांगला म्हणायचे. सुजाता हसून म्हणाली होती, "टाका सर तुमचाच. तुमी काय टोळीसंगं पळून जायलाव?"

निरोप आला तेव्हा मी सेलूच्या स्टेशनवर चहा पीत होतो. अर्ज परत पाठवलाय, शाळा सोडल्याचा दाखला अस्पष्ट आहे, सात दिवसांत दुरुस्त करा. तो दाखला स्कॅन मीच केला होता. काम पाच मिनिटांचं. उद्या बघू म्हटलं, आणि — पुढे काहीच नाही. आजारी नव्हतो, घरात लग्न नव्हतं. विसरलो. आठवलं तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते, नाही का? पण मी इथे थांबलो नाही.

सुजाताने विचारलं, "सर, माझ्या अर्जाचं काय झालं?" मी म्हणालो, "तुझ्या वडिलांच्या उत्पन्नाच्या दाखल्यात त्रुटी निघाली." हे वाक्य आलं कुठून? आधी ठरवलं नव्हतं, जीभ अडखळलीसुद्धा नाही. त्रुटी — आमच्या ऑफिसात हा शब्द सारखा तोंडात असतो. तो ऐकला की समोरचा वाद घालत नाही, मान खाली घालतो. तिनेही घातली.

आठवड्याने किसन आला. टोळीच्या मुकादमाच्या हातापाया पडून फडावरून आला होता. हाताच्या भेगांत अजून काळं होतं. त्याने दाखला टेबलावर पसरला. "साहेब, पोरीचं तर गेलं. पर कुठं चुकलं तेवढं दाखवा. धाकटी हाय अजून, तिच्या टायमाला चुकायचं न्हाई."

दाखल्यात काहीच चुकलं नव्हतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. तेव्हा सांगता आलं असतं ना? मी चष्मा लावला, कागद हातात घेऊन वाचल्यासारखं केलं — आणि त्याच्या नावावर बोट ठेवलं. दाखल्यावर किसन होतं, आधार कार्डावर किशन. अर्जाचा याच्याशी काहीएक संबंध नव्हता. तो त्या अक्षराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आईनं ठेवलं जी. तिला काय ठावं, पुढं असं व्हईल."

सुजाताचं कॉलेज सुटलं. वर्षभरात लग्न झालं. आता ती नवऱ्याबरोबर ऊस तोडते. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. त्या एका कोयत्यातली अर्धी ती.

याला पाच वर्षं झाली. यंदा प्रवेशाच्या वेळी किसन धाकटीला घेऊन आला. पिशवीतून एकेक कागद काढत गेला. रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, मुलीचा शाळेचा दाखला, राजपत्रातली नोंद — सगळीकडे किशन. तहसील, शाळा, बँक अशा चकरा मारून त्याने स्वतःचं नाव बदलून घेतलं होतं. तो हसत होता. "घरात अजून किसन्याच म्हणतेत. थोरली तर टोमणा मारती — आबा, तुमचं नाव धड असतं तर मी आज मेडिकलवर बसले असते." मग हळूच म्हणाला, "आता लय बोलत न्हाई ती माझ्यासंगं."

त्याचे सगळे कागद चाळून मी म्हणालो, "आता बरोबर आहे." आता!

धाकटीचा अर्ज मी तीनदा तपासून पाठवला. मंजूर झाला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "साहेब, नाव बदलल्याचं चीज झालं बघा. तवाच बदललं असतं तर थोरलीबी शिकली असती. न्हाई का?"

मी "हो" म्हणालो.